तीन दिवसांचं पाणी

कुशावर्ताला बाळंत होऊन येत्या गुरुवारी सव्वा महिना पुरा होत होता आणि घरच्या विहिरीत घागर बुडेल एवढंही पाणी नव्हतं.

खरं तर हे बाळंतपण सासरी व्हायचंच नव्हतं. पण तिच्या माहेरी, चुडाव्याला, होळीपासून टँकर चालू झाला होता. भांडून दोन घागरी मिळवायच्या त्या घरात बाळंतिणीचं न्हाणं कुठून होणार, म्हणून तिची आई स्वतः येऊन सांगून गेली की पोरीला तुमच्याकडेच राहू द्या. सासूबाईंनी, म्हणजे तानुबाईंनी, सून ठेवून घेतली आणि त्याचा थोडा तोराही मिरवला. आमच्या विहिरीनं आजपर्यंत कुणापुढं मान खाली घालू दिली नाही, असं विहिणीला ऐकवलं. आता त्या बोलण्याची आठवण झाली की त्यांना स्वतःचाच राग येत होता.

सव्वा महिन्याला बाळंतिणीने विहिरीवर जायचं, काठावर पाच खडे मांडून त्यांना हळदीकुंकू लावायचं, घुगऱ्या वाटायच्या आणि आपल्या हाताने एक घागर शेंदून घरी आणायची. पाणी पुजल्याशिवाय तिने घरातल्या पाण्याला हात लावायचा नाही. सव्वा महिना तानुबाई आपले दुखरे गुडघे घेऊन एकट्याच पाणी वाहत होत्या. त्यामुळे पूजेची घाई देवापेक्षा त्यांनाच जास्त होती, असं म्हटलं तरी चालेल.

रविवारी सकाळी लिंबाजीच्या ओसरीवर तिन्ही घरं जमली. लिंबाजी थोरला, तानुबाईंचा नवरा. बन्सीधर मधला. धाकटा सिताराम जाऊन चार वर्षं झाली होती, त्याच्या जागी त्याची बायको धुरपताबाई आल्या होत्या. त्या पदर कपाळापर्यंत ओढून दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. पण बोलायची वेळ आली की पदराआडचा तो आवाज ओसरी ओलांडून रस्त्यापर्यंत जायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

"आक्का, गावातल्या आडावर न्हेलं तर चालायचं न्हाई का?" बन्सीधरच्या बायकोने, सुमनबाईंनी, विचारलं.

"आडात काय हाय? चिखल," तानुबाई म्हणाल्या. "टँकर आला की त्यातच पाइप सोडतेत. मंग टँकरलाच हळदीकुंकू लावा की! डायवरची वटी भरा!"

लिंबाजीचा मुलगा रंगनाथ, बाळाचा बाप, मोठ्याने हसला. लिंबाजी हसला नाही. तो छपराच्या लाकडाकडे बघत होता. बोलणं जिभेवर आलं पण सोडवत नाही, तेव्हा तो असाच वर बघायचा.

"एक फेरा मोटारी बंद ठिवाव्या," तो शेवटी म्हणाला. "समद्यांच्या."

फेरा म्हणजे तीन दिवस. माणिकरावांनी, या तिघांच्या बापाने, मरण्याआधी जमिनीचे तीन तुकडे करून दिले, पण विहीर एकच होती. तिचे त्यांनी दिवस वाटले. एक दिवस लिंबाजीचा, दुसरा सितारामाचा, तिसरा बन्सीधरचा आणि मग पुन्हा लिंबाजीचा. सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत बारी. त्या दिवसात जेवढं पाणी काढाल तेवढं तुमचं. मागे राहिलं ते पुढच्याचं. हा दस्तूर मोटेच्या काळातला. नामांतराची दंगल झाली त्या साली विहिरीवर पहिली मोटार बसली आणि दोन वर्षांत आणखी दोन बसल्या. तेव्हापासून तिघांचे तीन पाइप विहिरीत उतरलेले होते. विहीर दोनदा खोल करून झाली, भिंतीतून आडवे बोअर मारून झाले. आताशा सकाळी साचलेलं वीतभर पाणी मोटार तासाभरात ओढून घ्यायची आणि मग पाइप नुसती हवा खात खरखरत राहायचा. अशात आपला दिवस सोडायचा म्हणजे हातचं पाणी दुसऱ्याच्या पाटात घालायचं. बारी लागल्यापासून ते कुणी केलं नव्हतं.

"कुनाच्या दिसापासनं?" पदराआडून आवाज आला.

"काय कुनाच्या दिसापासनं?"

"बंद कुनाच्या दिसापासनं करायचं भावजी? तेवढं ठरू द्या. मंग बोलू."

"माज्यापासनं," बन्सीधर म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो खाली बघून बोटाने जमिनीवर रेघा ओढत होता.

"उद्या सोमवारी माजी बारी हाय. मी सोडतो. मंगळवारी दादाची, बुधवारी धुरपताची. बिस्तरवारी सकाळी पूजा करा."

हा तोच बन्सीधर होता जो आपल्या बारीला दिवस उगवायच्या आधी स्टार्टरपाशी जाऊन बसायचा आणि लाइट येईपर्यंत तिथून हलायचा नाही. सात वर्षांपूर्वी त्याने दोन एकरांत मोसंबीची अडीचशे कलमं लावली. तेव्हा लिंबाजीने गावभर त्याची टिंगल केली होती. ज्वारी सोडून झाडं पाळायला लागला, आता झाडांना झूल घाल, असं म्हणाला होता. त्या झाडांनी यंदा पहिल्यांदा अंगभर फळ धरलं होतं आणि नेमकं यंदाच पाणी आटलं होतं.

"आन बाग?" लिंबाजीने विचारलं.

"तीन दिस दम काढंल."

तानुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "भावजी, माज्या नातीचं पुण्य लागंल तुमाला," त्या म्हणाल्या. लिंबाजीला आपल्या सात वर्षांच्या टिंगलीची खरोखर लाज वाटली. भाऊ उठून निघाला तेव्हा तो वेशीपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेला. असं तो मोठ्या पाहुण्यालाही करत नसे.

*

सोमवारी दुपार कलल्यावर सुमनबाई बागेत आल्या. त्या पाथरीकडच्या. त्यांच्या वडिलांचीही मोसंबी होती, त्यामुळे त्यांना झाडाच्या पानावरून त्याच्या पोटातलं कळायचं. पानांच्या कडा आत वळल्या होत्या. पानाआड लिंबाएवढी हिरवी फळं घट्ट धरून होती. झाड स्वतः वाळेल पण फळ सोडणार नाही, हे त्यांनी लहानपणी एका उन्हाळ्यात बघितलेलं होतं. फाल्गुनातच त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं की यंदा फळ झाडून टाका, झाडं तेवढी जगवा. त्या दिवशी बन्सीधर जेवला नव्हता.

तो आत्ता एका झाडाच्या आळ्यातली ढेकळं फोडत बसला होता.

"आवं," त्या म्हणाल्या, "आक्का कालपासनं तुमचंच नाव घ्यायल्यात. गल्लीतल्या चार जनींला सांगून झालं."

"हूं."

"एक विचारू का? बिस्तरवारी कुनाची बारी हाय?"

बन्सीधरच्या हातातलं खुरपं थांबलं.

"सोमवार तुमचा, मंगळवार त्येंचा, बुधवार धुरपताचा," सुमनबाई म्हणाल्या. "बिस्तरवारी दिस उगवला की फिरून तुमचाच. तीन दिसाचं साचलेलं तुमच्या मोटारीफुडं."

"मग?"

"तुमी ओसरीवर बसूनच हे मोजलं व्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण वीस वर्षांत त्याला बायकोशी खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं, आणि आता शिकायचं वयही राहिलं नव्हतं.

"मोजलं व्हतं," तो म्हणाला. "एक दिस सोडला आन तीन दिस घेतले. दस्तूर बाबांचा हाय. मी काय नवा केला न्हाई."

"त्येंच्या घरी सहा जनावरं हायत. धुरपताच्या मिरच्या हायत."

"आन ही काय हायत?" तो उठून उभा राहिला. "सुमे, ही झाडं मी खांद्यावर घागरी वाहून जगवली. पहिल्या साली एकेका झाडाला एकेक घागर. दादा मळ्याच्या कडंला हुबा राहून हसायचा. यंदा फळ आलंय. एकदा, फक्त एकदा त्यानं ही बाग भरलेली बघावी. एवढंच."

सुमनबाईंना नवऱ्याची लाज वाटली, आणि त्याच क्षणी मनात हेही आलं की तीन दिवसांचं पाणी मिळालं तर बाग तरेल कदाचित. दुसऱ्या विचाराची त्यांना पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटली. त्या खाली बसल्या आणि त्याच्या शेजारी ढेकळं फोडू लागल्या.

*

धुरपताबाईंच्या ध्यानात ती गोष्ट बुधवारी आली.

बुधवार त्यांचा. सवयीने त्या दिवस उगवता विहिरीवर आल्या आणि काठावरून वाकून बघतात तर खाली पाणी चकाकत होतं. तळातल्या खडकाचं टोक, जे दोन महिने उघडं होतं, ते बुडालं होतं. त्यांना इतका आनंद झाला की त्या एकट्याच मोठ्याने हसल्या. मग त्या पायरीवर बसल्या, आणि बसल्या बसल्या बोटांवर दिवस मोजले.

दोन वर्षं त्या तानुबाईंच्या दारात पाय ठेवत नव्हत्या. पाटाच्या बांधावरून दोघींचं भांडण झालं होतं, आणि बैठकीला येऊन चौकटीत बसणं म्हणजे घरात येणं नाही, असा त्यांचा हिशेब होता. आज मात्र त्या तरातरा चालत थेट चुलीपाशी गेल्या.

"आक्का, तुमच्या गुनी दिराचं पुण्य कळलं का तुमाला? उद्याची बारी कुनाची, मोजा."

तानुबाईंनी मोजलं. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांना कळलं नाही.

"आगं बया," त्या एवढंच म्हणाल्या.

"आत्ता माजी बारी हाय," धुरपताबाई म्हणाल्या. "लाइट यायला आजून येळ हाय. मोटार लावते. तुमाला निम्मं, मला निम्मं. त्याच्या हाती काय लागू देत न्हाई."

"आन पूजा?"

"घागरभर ठिवू की खाली!"

तानुबाई मनातून डळमळल्या होत्या. दोन वर्षांनी दारात आलेली जाऊ, चुलीपाशी उभी, आणि दोघींचा राग एकाच माणसावर. असं जुळलेलं सहसा मोडवत नाही. पण ओसरीवर बसलेल्या लिंबाजीने सगळं ऐकलं होतं. तो आत आला. धुरपताबाईंनी पदर सावरला.

"कुनी मोटारीला हात लावायचा न्हाई," तो म्हणाला.

"भावजी, तो तुमाला फसवायलाय."

"कळलं मला. उद्या मी हाय विहिरीवर. त्याला तोंडावर विचारतो. पर आज तू मोटार लावलीस तर तो म्हनंल, बघा, सबूर कुनाला न्हाई. आन ते खरंच व्हईल."

त्याला मनातून फार वाईट वाटत होतं. फसवलं म्हणून नाही. वेशीपर्यंत भावाबरोबर चालत गेलो, ते आता उगीच गेलं असं वाटत होतं.

*

गुरुवारी सकाळी सगळे विहिरीवर आले. लाइट नऊला यायची, म्हणून पूजा आठालाच उरकायची ठरली होती. कुशावर्ता हिरव्या बांगड्या भरून आणि नवं लुगडं नेसून आली. बाळ तानुबाईंच्या खांद्यावर होतं. तिने काठावर पाच खडे मांडले, हळदीकुंकू लावलं, घुगऱ्या ठेवल्या. रंगनाथने घागरीला दोर बांधून दिला.

घागर खाली गेली आणि पाण्यावर टेकल्याचा आवाज आला. डुबुक. दोन महिन्यांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता. सगळेच नकळत थोडे पुढे झाले. कुशावर्ताने घागर ओढून घेतली, काठोकाठ भरलेली. तानुबाईंनी बाळाच्या टाळूवर चार थेंब लावले आणि डोळे पुसले. मग रंगनाथ आणि कुशावर्ता घागर आणि बाळ घेऊन घराकडे गेले. बाकीचे पाचजण तिथेच राहिले. कुणीच निघत नव्हतं.

लिंबाजीने गाठी मारलेला दोर विहिरीत सोडून बघितला. "पाऊण परस," तो म्हणाला. उभ्या माणसाच्या छातीएवढं.

"भावजी," धुरपताबाई म्हणाल्या, आणि आज त्यांचा पदर खांद्यावर होता, "आता लाइट आली की तुमी मोटार लावनार?"

"लावनार," बन्सीधर म्हणाला. "माजी बारी हाय."

"तीन दिसाची?"

"बाबांनी दिस वाटले, पानी मोजून दिलं न्हाई. दिस माजा हाय."

"रविवारी ओसरीवर तू हे मोजूनच बोललास?" लिंबाजीने विचारलं.

"व्हय, मोजूनच बोललो!" बन्सीधरचा आवाज चढला. "काय करू मंग? तुमच्या जनावराला कडबा हाय, टँकरचं पानी हाय. माज्या झाडाला कोन टँकर द्यायलाय? आन धुरपता, तुजी मिरची दहा गुंठे. तिला अर्ध्या तासाचं पानी लय झालं. तासभर मोटार चालती तुजी. बाकीचं जातं कुठं? कवा इचारलं का मी?"

धुरपताबाई गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणं ही मोठीच गोष्ट होती, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"सांग की," बन्सीधर म्हणाला.

"नाल्यात," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नाल्यात जातं. मिरची भिजली की पाट नाल्याला फोडून देते. विहिरीत ठिवलं तर दुसऱ्या दिशी तुमच्या पायपात जातं. ह्येंच्यामागं माज्या हिश्श्याचं पानी कुनी फुकट काहून न्यावं, आसं वाटायचं मला." त्यांनी पदर पुन्हा डोक्यावर ओढला. "होळीपासनं सोडायलेय. एक थेंब ठिवला न्हाई."

मग लिंबाजी दोराच्या गाठी चाचपत म्हणाला, "मी बी."

तानुबाईंनी नवऱ्याकडे चमकून बघितलं.

"वरच्या रानात सोडतो," तो म्हणाला. "पेरलेलं काय न्हाई तिथं. ढेकळं हायत. पाटाच्या बांधावरनं धुरपतानं तुला शिव्या दिल्या ना, तवापासनं वाटायचं, हिच्या दिसाला काय उरू देऊ नये. म्हातारा झालो आन ढेकळाला पानी पाजत बसलो."

बन्सीधर विहिरीच्या काठावर बसला. गेल्या तीन दिवसांत त्याने आजच्या सकाळची तयारी केली होती. कोण काय म्हणेल, आपण काय उत्तर द्यायचं, सगळं पाठ होतं. पण हे त्यात नव्हतं. तो चोर म्हणून आला होता आणि इथे त्याचंच चोरीला गेलेलं निघालं. रागावं कुणावर आणि कोणत्या तोंडाने, तेच त्याला कळेना.

"मी पानं बघत हिंडायचो," तो हळूच म्हणाला. "एकेक झाडाचं पान बघायचो. आन तुमी नाल्यात सोडायलता?"

धुरपताबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या, आणि सुमनबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मोट व्हती तवा बैल दमायचे," लिंबाजी म्हणाला. "बैल सोडले की विहीर बी निवांत व्हायची. बाबांनी त्या बैलाच्या हिशोबानं दिस वाटले. मोटार दमत न्हाई. आन आपन तरी कुठं दमलो? तिघंबी तळापतुर ओढत राह्यलो, दुसऱ्याला मिळू ने म्हून." त्याने दोर गुंडाळला. "लाव बन्सी मोटार. आजचं समदं तुजं. आमी नाल्यात सोडलेलं परत दिलं समज."

लाइट आली. स्टार्टरच्या पेटीवरचा लाल दिवा लागला.

बन्सीधर उठला. पेटीपाशी गेला, झाकण उघडलं. सगळे बघत होते, आणि थांब म्हणणारं कुणीच नव्हतं, आणि तेच त्याला जड जात होतं. एवढं पाणी निम्म्या बागेला एकदा पुरेल. मग आठ दिवसांनी झाडं पुन्हा मागतील. मिरगाला अजून दीड महिना होता, आणि गेली दोन वर्षं तोही कोरडाच गेला होता. निम्म्या झाडांना एकदा पाजून खाली पुन्हा खडक उघडा पडणार. मग तिन्ही घरांच्या बायका टँकरच्या रांगेत जाणार. ओल्या अंगाची सून घरात आजच पाण्याला लागली होती.

त्याने बराच वेळ हात पेटीवर ठेवला. मग झाकण लावून टाकलं.

"सुमे," तो मागे न बघता म्हणाला, "फागुनात तू काय म्हनली व्हतीस?"

सुमनबाईंनी लिंबाजीकडे बघितलं.

"सांग की. ह्येंच्यासमोर सांग."

"फळं झाडून टाका म्हनले व्हते. फळ नसलं की झाड कमी पितं. बुडाला भुसकट घालून चार-आठ दिसाला एकेक घागर दिली तर झाडं जगतेत. माज्या बापानं जगवली व्हती."

"आता झाडली तर?"

"तवा झाडली असती तर बरं झालं असतं," सुमनबाई म्हणाल्या. "पर आताबी जगतील."

"फळं?" लिंबाजी म्हणाला. "समदी? आरं, पहिलंच फळ हाय तुजं."

"दादा, तुमी सात वर्सं हसलात," बन्सीधर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "आता हसू नका म्हंजे झालं."

लिंबाजीने खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. मग तो घागर ठेवून परत येणाऱ्या रंगनाथला हाका मारायला लागला. माझी मोटार आजच विहिरीतून काढ, म्हणाला. धुरपताबाई म्हणाल्या, माझीही काढा, मिरच्या बन्सी भावजींच्या मोटारीवर भिजतील. तुरीचं भुसकट गंजीएवढं पडलंय, तेही न्या. पाणी आधी घराला आणि जनावराला, मग झाडाला घागरीने, मग मिरचीला, आणि रोज तासाच्या वर मोटार नाही. हे सगळं उभ्या उभ्याच ठरलं. बापाचा दस्तूर मोडायला चार पिढ्या भांडतील असं लिंबाजीला नेहमी वाटायचं. तो पाव तासात मोडला.

पण बागेत जायची वेळ आली तसे सगळे मंद झाले. पहिल्या झाडाला बन्सीधरनेच हात घातला. कोवळ्या फळाचा देठ कडक असतो, पिळून तोडावा लागतो. हिरवी फळं आळ्यात पडायला लागली. सुमनबाई दुसऱ्या ओळीत शिरल्या, धुरपताबाई तिसऱ्या. तानुबाई गुडघे धरून खाली बसल्या आणि खालच्या फांद्या रिकाम्या करू लागल्या. मोसंबीच्या सालीचा कडू वास हातांना लागत होता आणि उन्हात डोळ्यांत झोंबत होता. बरं झालं, डोळे का झोंबतायत हे कुणाला सांगावं लागलं नाही.

दुपारपर्यंत साठ-सत्तर झाडं झाली. ओळीच्या टोकाला, बांधाला लागून एक झाड होतं, इतरांपेक्षा वीतभर बुटकं. बन्सीधर त्याच्यापाशी आला आणि थांबला. पहिल्या साली शेळीने ते झाड बुडापर्यंत खाल्लं होतं. सगळे म्हणाले उपटून टाक. त्याने ठेवलं होतं. आज त्याच्या फांद्या फळांनी जमिनीला टेकल्या होत्या. त्याने एका फळाला हात लावला आणि तो हात तिथेच राहिला.

लिंबाजी शेजारच्या ओळीतून बघत होता. तो बांध ओलांडून आला आणि भावाचा हात त्या फळावरून हळूच बाजूला केला.

"तू तिकडं बघ," तो म्हणाला.

बन्सीधरने पाठ फिरवली आणि बांधापलीकडून जाणाऱ्या रेल्वेच्या रुळाकडे बघत उभा राहिला. मागे एकेक फळ पडत होतं. आता थांबेल, आता थांबेल म्हणता थांबत नव्हतं.

"झालं का दादा?" त्याने विचारलं.

"न्हाई आजून," लिंबाजी म्हणाला. "लय धरलंय रे ह्यानं."